मनावरच्या मुलांच्या मनावर काय आहे? विचारण्याआधी ऐकणारा माणूस नेमा

मनावर, जि. धार : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने एकूण १५ निर्देश दिले आणि कायदा होईपर्यंत ते देशभर बंधनकारक राहतील असंही सांगितलं.

शंभर विद्यार्थी म्हणजे काही मोठं कॉलेज नव्हे. तालुक्याच्या गावातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या दोन-तीन तुकड्यांतच तेवढी पोरं भरतात. म्हणजे हा निर्देश कोटा, मुंबई, दिल्लीच्या कोचिंगवाल्यांपुरता नाही. तो मनावर, कुक्षी, धरमपुरीला लागू आहे, तसाच नर्मदा आणि सातपुडा ओलांडून शहादा, तळोदा, शिरपूरलाही आहे.

आणि गरज दोन्ही बाजूंना आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यात महाराष्ट्र १,७६४ नोंदींसह पहिला, तमिळनाडू दुसरा आणि मध्य प्रदेश १,३४० नोंदींसह तिसरा होता. ज्या दोन राज्यांच्या सीमेवर ही बातमी वाचली जाते, ती दोन्ही राज्यं पहिल्या तिनांत आहेत.

अशा वेळी एक उपाय पुन्हा पुन्हा पुढे येतो. शाळेतच किशोरवयीन मुलांची मानसिक आरोग्य तपासणी करा, तीही स्वेच्छेने. ज्याला भरायची त्याने प्रश्नावली भरावी, ज्याला नको त्याने भरू नये. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२५ मध्ये असा कायदाच केला. २०२७-२८ च्या शैक्षणिक वर्षापासून तिथल्या सरकारी शाळांना तिसरी ते बारावीच्या मुलांना दरवर्षी ही तपासणी उपलब्ध करून द्यावी लागेल. पालक नकार देऊ शकतात. मग आपल्याकडे का नको?

नको असं कुणी म्हणत नाही. पण खरी गोम क्रमात आहे. प्रश्नावली वाटणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं पाऊल आहे. म्हणूनच ते आधी टाकलं जाण्याची भीती आहे.

ही चाळण आहे, निदान नाही

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशी तपासणी म्हणजे डॉक्टरी तपासणी नसते. दहा-वीस प्रश्नांचा कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप लागली का, भूक कशी आहे, अभ्यासात लक्ष लागतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का, जगू नये असं वाटतं का. उत्तरांना गुण दिले जातात. ठराविक आकड्याच्या वर गेलं की त्या मुलाशी कुणीतरी नीट बोलायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. त्याला नैराश्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक कागदावर सगळ्यांना मान्य असतो. गावात मात्र तो टिकत नाही. 'अमक्याच्या पोरीचं नाव यादीत आलं' एवढं बाहेर पडलं की पुढे ती यादी कसली होती हे कुणी विचारत नाही. लग्नाच्या वेळी मात्र ते आठवतं.

एक भीती मात्र निराधार आहे. असे प्रश्न विचारले तर मुलांच्या डोक्यात नको ते येईल, असं अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर याचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, तसे विचारही वाढले नाहीत. विचारणं धोक्याचं नाही. विचारून निघून जाणं धोक्याचं आहे.

हजार मुलांचं गणित

कसं, ते आकड्यांत पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. मनावर आणि आसपासच्या शाळांमधली हजार मुलं धरली तर त्यातल्या ७३ जणांना खरोखर मदतीची गरज आहे.

आता समजा, वापरलेली प्रश्नावली बऱ्यापैकी चांगली आहे. त्रास असलेल्या शंभरांतल्या ८० जणांना ती पकडते आणि त्रास नसलेल्या शंभरांतल्या ८० जणांना बरोबर सोडून देते. मग ७३ पैकी ५८ सापडतील, १५ निसटतील. उरलेल्या ९२७ निरोगी मुलांपैकी मात्र १८५ जण विनाकारण यादीत येतील. एकूण यादी २४३ नावांची. त्यातला खरा त्रास असलेला साधारण चारांतला एक.

चूक प्रश्नावलीची नाही, सगळ्याच चाळण्यांचं असं असतं. पण ही चारांतली एक मुलगी कोणती, हे ठरवायला माणूस लागतो. एका समुपदेशकाने रोज सहा जणांशी निवांत बोलायचं म्हटलं तर २४३ मुलांना चाळीस दिवस लागतील, म्हणजे शाळेचे जवळपास दोन महिने. जिने 'जगू नये असं वाटतं' या प्रश्नापुढे होय म्हणून खूण केली, तिचा नंबर चाळिसाव्या दिवशी आला तर? तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं आणि कुणीच आलं नाही, एवढंच तिला कळेल. पुढच्या वेळी ती 'सगळं ठीक' लिहील.

आणि इथे तर एकही समुपदेशक नाही असं धरून चालावं लागणाऱ्या शाळाच जास्त. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्यं होती. लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ केरळमध्ये १.२ होते, तर मध्य प्रदेशात ०.०५. बाराही राज्यांत सर्वांत कमी. ०.०५ म्हणजे वीस लाखांमागे एक. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ८५ हजारांवर होती. म्हणजे हिशेबाने अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला एक डॉक्टर. आकडा दहा वर्षांपूर्वीचा आहे, पण तो कुठल्या पायरीवरून सुरुवात आहे ते सांगतो.

मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. पण मनावर नर्मदेच्या खोऱ्यात आणि धार वर माळव्याच्या पठारावर. विंध्याचा घाट चढून जाऊन-येऊन दिवस जातो. इंदूर तर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. मजुरीवर जाणाऱ्या बापाने पोरीला 'करमत नाही' म्हणून एक दिवसाची हजेरी बुडवून घाटावर न्यायचं, हे कागदावर लिहायला सोपं आहे.

सिकलसेल तपासणी चालली, मग ही का नाही चालणार?

निमाड आणि खानदेशातल्या लोकांना शाळेतली तपासणी नवीन नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, दात, डोळे, रक्तक्षय, हृदयाचे दोष पाहते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघरहूनच सुरू झाला. सिकलसेलचं तर धार, बडवानी, नंदुरबारमध्ये मुलाबाळांनाही ठाऊक आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून आश्रमशाळा आणि वसतिगृहांमध्ये रक्ततपासणी झाली, कार्डं मिळाली.

मग मनाची तपासणीही त्याच गाडीतून का येऊ नये? दोन कारणांनी विचार करावा लागतो.

पहिलं कारण : रक्त खोटं बोलत नाही. बोटाला सुई टोचली की मुलाला सांगायचं असो-नसो, उत्तर निघतं. मनाच्या प्रश्नावलीत उत्तर मुलाच्या हातात असतं. कागद कोण वाचणार, वर्गशिक्षकाला कळणार का, घरी फोन जाणार का, या तीन शंका मनात असतील तर शहाणं मूल 'कधीच नाही'च्या रकान्यात खुणा करत जाईल. तपासणी शंभर टक्के पूर्ण होईल, अहवालही छान येईल आणि त्यातून काहीही कळणार नाही.

दुसरं कारण : तपासणीपुढची वाट. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्येच चाळणी तपासण्यांचे निकष लिहून ठेवले. निदानाची आणि उपचाराची सोय असेल तरच तपासणी करावी, हा त्यातला एक. बालस्वास्थ्याच्या गाडीने हृदयाला छिद्र शोधलं तर पुढे शस्त्रक्रियेची ठरलेली वाट आहे. मनाच्या बाबतीत ती वाट अजून पायवाट आहे, तीही मध्येच संपणारी.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कलचाचणी आठवत असेल. २०१६ पासून दहावीच्या लाखो मुलांनी ती दिली. त्याचा हेतू वेगळा, आवडीचं क्षेत्र शोधण्याचा होता. पण तिथेही धडा हाच. अहवाल हातात आला तरी तो समोर बसून समजावणारा माणूस शाळेत नसेल, तर तो आणखी एक कागद होऊन फायलीत जातो.

स्वेच्छा म्हणजे नेमकी कुणाची?

'स्वेच्छेने' हा शब्द ऐकायला सरळ आहे. शाळेत तो तसा राहत नाही. सरांनी वर्गात उभं राहून 'ज्यांना भरायचं नाही त्यांनी हात वर करा' म्हटलं की संपलं. हात कुणी वर करत नाही आणि केला तर सगळा वर्ग वळून पाहतो. खरी स्वेच्छा हवी असेल तर नकार कुणाला दिसता कामा नये. सगळ्यांना सारखा कागद, सारखा लिफाफा; ज्याला नको त्याने कोरा कागद बंद करून द्यावा. एवढी साधी गोष्ट, पण तपासणी प्रामाणिक आहे की हजेरीपुरती, हे तिच्यावर ठरतं.

पुढचा प्रश्न पालकांचा. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३, दोन्हींचा रोख तिकडेच आहे. शहरात आई-वडिलांच्या व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला की काम होतं. इकडे धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून हजारो कुटुंबं हंगामात गुजरातेत शेतावर आणि बांधकामावर जातात. नंदुरबारची माणसं ऊसतोडीला जातात. पोरं वसतिगृहात किंवा आजीपाशी. संमती कुणाची घ्यायची? अधीक्षकाची सही चालेल म्हणावं, तर ज्याच्या वागणुकीविषयी मुलीला काही सांगायचं असेल तोच माणूस सही करणारा निघू शकतो.

याला उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा गावाच्या पंचांगात आहे. स्थलांतरित कुटुंबं दिवाळीला येतात, आणि होळीआधी भगोरियाला तर हमखास येतात. सातपुड्यात काठीच्या होळीलाही तेच. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी बाप शाळेत येतोच. पालकसभा या तीन वेळांना धरून घेतली, तपासणी म्हणजे काय हे तोंडी, त्यांच्या बोलीत सांगितलं, तर संमतीला काही अर्थ राहील. अंगठा उठवून घेतलेला हिंदी किंवा इंग्रजी फॉर्म ही संमती नव्हे.

आणि तिसरी संमती मुलाची स्वतःची. बापाने हो म्हटलं तरी मुलाला नाही म्हणता आलं पाहिजे. हो म्हटल्यावर मध्येच थांबताही आलं पाहिजे.

इथे एक खरं मुलांना आधीच सांगावं लागेल. मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण सगळंच गुप्त राहील असं वचन देता येत नाही. मुलीने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं. 'कुणालाही सांगणार नाही' म्हणून बोलतं करायचं आणि मग गाडी बोलवायची, यासारखा विश्वासघात नाही.

भाषेचाही प्रश्न लहान नाही. मनावरच्या एकाच वर्गात निमाडी, भिली-भिलाली, हिंदी बोलणारी पोरं असतात. धार-देवासच्या पवारांच्या काळापासून या भागात राहिलेली मराठी घरंही आहेत. मराठी घरातली मुलगी 'करमत नाही', 'जीव घाबरतो', 'डोकं जड झालंय' म्हणते. प्रश्नावलीतल्या 'अवसाद' किंवा 'खिन्नता' या शब्दाशी तिची ओळखच नसते. शब्द कळला नाही की खूण अंदाजाने पडते.

बाहेरचा अनुभव काय सांगतो

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने 'टीनस्क्रीन' नावाचा स्वेच्छा तपासणीचा मोठा कार्यक्रम चालला. शेकडो ठिकाणी पसरला आणि २०१२ मध्ये बंद झाला. त्याच्या वाटेत सर्वांत मोठं भांडण संमतीवरूनच होतं. पालकांनी नकार कळवला नाही म्हणजे होकार, अशी पद्धत काही शाळांनी वापरली. इंडियाना राज्यातलं एक कुटुंब त्यावरून न्यायालयात गेलं. हेतू चांगला असूनही संमतीत वाट काढली की विश्वास जातो, हा त्यातला धडा.

युरोपातला अभ्यास आणखी बोलका आहे. दहा देशांतल्या १६८ शाळा, ११ हजारांवर मुलं. निकाल २०१५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. काही शाळांत तज्ज्ञांकडून चाळणी तपासणी, काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण, तर काही शाळांत मुलांसाठीच वर्गातली सत्रं : ताण, नैराश्य, मित्राला मदत कशी करायची, भूमिका करून पाहणं. वर्षभराने पाहिलं तेव्हा आत्महत्येचे प्रयत्न मुलांच्या सत्रांमुळे निम्म्याने कमी झाले होते : तुलनेच्या गटात १.५१ टक्के, या गटात ०.७० टक्के. नुसत्या चाळणी तपासणीच्या शाळांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

याचा अर्थ तपासणी वाया, असा काढू नये. एका गोष्टीत तिला पर्याय नाही. गोंधळ घालणारा मुलगा शिक्षकाच्या लगेच लक्षात येतो. मागच्या बाकावर गप्प बसणारी, वेळेवर वही देणारी मुलगी कुणाच्याच लक्षात येत नाही आणि ती स्वतःहून समुपदेशकाचं दार वाजवेल याची खात्री नसते. अशा गप्प मुलांसाठीच प्रश्नावली कामाची. पण त्यासाठी दार आधी असायला हवं.

आपल्याच देशात चाललेलं काम

दार उघडायला दर शाळेत मानसोपचारतज्ज्ञ लागतो का? नाही. याचा पुरावा देशातच आहे आणि त्यामागे गोव्यातली 'संगात' ही संस्था आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून समुपदेशन करून घेण्याची पद्धत उभी केली. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग झाला. एका गटात शाळेबाहेरून नेमलेला प्रशिक्षित समुपदेशक, दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे, तिसऱ्यात नेहमीचंच. तक्रार-सूचनांची पेटी, भित्तिपत्रक, वर्गातल्या चर्चा, गरजेप्रमाणे एकट्याशी बोलणं, असं कामाचं स्वरूप.

२०१८ मध्ये निकाल आले. बाहेरच्या समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. कारणं अनेक असू शकतात. पण शाळेत शिकलेल्या कुणालाही एक कारण सुचेल. जो गुण देतो, हजेरी घेतो आणि घरी तक्रार करतो, त्याच्यापुढे मन मोकळं करणं अवघड असतं. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षक 'आरोग्यदूत' करण्याची योजना आहे. ती चांगली आहे, पण समुपदेशकाची जागा ती भरून काढत नाही.

दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या त्यांच्या कामातून दुसरी गोष्ट दिसली. वर्गात एकदा येऊन ताण म्हणजे काय, मदत कुठे मिळते हे मोकळेपणी सांगितलं, की मदतीसाठी येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. म्हणजे यादी काढायच्या आधीच बरीच मुलं आपल्या पायांनी येतात.

मध्य प्रदेशालाही हे परकं नाही. देवासला लागून असलेल्या सिहोर जिल्ह्यात 'संगात'ने आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरचं साधं समुपदेशन शिकवलं. विदर्भात अमरावती-वर्ध्याच्या गावांत 'विश्राम' प्रकल्पात नैराश्य असलेल्या माणसांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथेही मुख्य ताकद गावातच राहणाऱ्या कार्यकर्त्यांची होती.

तपासणीत न सापडणारं कारण

एनसीईआरटीने २०२२ मध्ये पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. एवढी मुलं आजारी नसतात. व्यवस्थेचं ओझं मुलांच्या अंगावर आहे. ते उतरवायला प्रश्नावली लागत नाही. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये 'रुक जाना नहीं' योजना आणून नापास मुलांना त्याच वर्षी पुन्हा संधी दिली. महाराष्ट्रात जुलैची फेरपरीक्षा आली. एक वर्ष वाया जाणार नाही एवढा दिलासाही मानसिक आरोग्याचंच काम करतो. न्यायालयानेही गुणांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत अपमान करणं यावर बोट ठेवलं ते उगाच नाही. इंदूरच्या भंवरकुआंला क्लाससाठी गेलेल्या खेड्यातल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग मनावरने करायचं काय?

क्रम लावायचा झाला तर तो असा दिसतो. आधी माणूस : प्रत्येक शाळेला लगेच शक्य नसेल तर जवळच्या चार-पाच शाळांत मिळून एक, ठरलेल्या वारी येणारा, बोली जाणणारा, शाळेच्या गुणपत्रिकेशी संबंध नसलेला. समाजकार्याची पदवी घेतलेले या भागातले तरुण-तरुणी आहेत. त्यांना काम मिळेल आणि मुलांना आपलं माणूस मिळेल. न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या सांगितल्या आहेत. किती शाळांत समुपदेशक आला, हा पहिला प्रश्न त्या समितीला पालकांनी आणि पत्रकारांनी विचारायचा आहे.

मग वाट : जिल्हा रुग्णालयाच्या मनकक्षाशी लेखी जोड, महिन्यातून ठरलेल्या दिवशी डॉक्टर खाली मनावरला येण्याची सोय. मग वर्गातली सत्रं. आणि हे सगळं एक वर्ष चाललं, मुलं आपणहून येऊ लागली, की तपासणी. तीही एकदम सगळ्या शाळेची नव्हे, एकेका वर्गाची, जेणेकरून यादीतल्या प्रत्येकाशी आठवडाभरात बोलता येईल. जिवाविषयीच्या प्रश्नावर खूण असेल तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत. हे जमत नसेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही असं नव्हे. तपासणीच पुढे ढकलायची.

यात खर्च आहे. पण तपासणीचं उलट केलं, आधी कागद वाटले आणि नंतर माणूस शोधला, तर खर्च वाचत नाही. तो फक्त मुलांच्या खात्यावर टाकला जातो. राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते 'इतक्या शाळांत तपासणी पूर्ण' या रकान्याने गाठता येणार नाही. किती मुलांशी कुणी बोललं आणि त्यातली किती पुन्हा बोलायला आली, हा रकाना अजून कुठल्या फॉर्मवर नाही. तो घालायला हवा.

*मदत हवी असल्यास : 'टेली मानस' १४४१६, मोफत, चोवीस तास. देशात कुठूनही लावता येतो. मराठी, हिंदी, गुजरातीसह अनेक भाषांत बोलता येतं. स्वतःसाठी, मुलांसाठी किंवा मित्रासाठी, कुणासाठीही फोन करता येतो.*